मातीचा क्लास

नवीन पनवेलच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक आई होती, सोबत तिची छोटी इरा. बाजूला वीटभट्टीवर काम करणारी चिंधी बसली होती. तिची रूपा काडीने धुळीत मोर काढत होती.

“आई, मलापण मोर काढायचाय.”

“हात लावू नकोस, घाण आहे! आपण सुकापूरला मातीतल्या चित्रांच्या क्लासलाच चाललोय ना?”

“बाई, त्याचा पन क्लास असतो?” चिंधीने विचारलं.

“असतो ना. तिथली माती निर्जंतुक असते.”

“मंग तिच्यात कायच उगवत नसंल. रूपा, ताईला काडी दे.”

“नको, नको! इरा, मोराशेजारी उभी राहा. फोटो काढते. क्लासच्या ग्रुपवर टाकू, ‘इराचा मोर’ म्हणून.”

“पण तो रूपाने काढलाय.”

“हो गं, पण रूपा कुठे ग्रुपवर आहे?”