काकींचं इंजिन

माझ्या पिकअपला खटारा म्हणता ना, मग आज ऐकाच. ऐन नवरात्रात हिचं इंजिन जाम झालं. मंडपवाल्यांची सगळी भाडी हातची जाणार, पार वाट लागली होती माझी. तेव्हा विक्रोळीचा माझा दोस्त प्रकाश म्हणाला, "माझी पिकअप बघ. बॉडी सडलीय, पण इंजिन झकास आहे. काढून घे."

"आणि तुझी गाडी?"

"माझी कंबर गेलीय रे, चालवतंय कोण? तुझं जाम झालेलं तिच्यात टाक. मी आणि ती, दोघं आराम करतो."

मेकॅनिकने इंजिनं बदलली, भाडी वाचली. दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, तर प्रकाशची मालवणी आई पूजेचं ताट घेऊन हजर.

"बोनेट उघड."

"काकी, पूजा पुढून करतात ना."

"पुढचा तोंड तुझा. इंजिन आमचा."

त्यांनी इंजिनाला हळद-कुंकू लावलं आणि माझ्याकडे न बघता त्यालाच म्हणाल्या, "नीट चल रे बाबा. ह्याच्या घरची चूल आता तुझ्यार."



आता गाडी कुठे अडली की शिव्या मी घालतोच, पण फक्त बॉडीला.