लोकर सुटली नाही

दवाखान्यात भेटायला आत सोडायची वेळ अजून व्हायची होती. रांगेत टेलरमास्तरांच्या पुढे दोघी जावा उभ्या होत्या. थोरलीच्या काखेत मेंढीच्या कातड्याची जाडजूड गुंडाळी होती. तिची लोकर पाहून मास्तरांचीही बोटं शिवशिवत होती.

"ताई, पुन्हा एकदा ओढून बघू?"

"सकाळपासून ओढतेयस. टक्कल पाडशील तिला!"

"पण एक केस हाताला येत नाही हो! मागच्या वेळी कातडं कमावलं तेव्हा लोकर नुसती झडत होती."

"मागच्या वेळी तू मीठ लावायला उशीर केलास. या खेपेला मीठही वेळेवर, आणि दूध फाडून उरलेल्या आंबट पाण्यात भिजवलंही नीट."

"मामंजी म्हणायचे ना, ओतून द्यायचं पाणी नि पुरून टाकायचं कातडं घेऊन बसतात, या दोघींना दुसरा उद्योगच नाही!"

"आता त्यांच्याच पाठीखाली घालायचंय. नर्सबाई म्हणाल्या, मऊ लोकर असली की पाठ सोलवटणार नाही."

"पण हात फिरवला की ओळखतील हो ते."

"ओळखतीलच. बाटलीनं दूध पाजून वाढवलेली मेंढी त्यांची. म्हातारी होऊन गेली बिचारी."

"मग? माझ्या मेंढीचं अंथरूण केलंत म्हणून भडकले तर?"

थोरलीनं गुंडाळी छातीशी धरली.

"भडकू देत की गं! खाटेला खिळल्यापासून एक शब्द तरी बोललेत का?"