टिटवीची दुसरी वाट

टिटवी म्हातारी झाली म्हणतोस? नाही सीब्रन, म्हातारी मी झालेय, आपला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम नव्हे — तेव्हा तो माघारीचा कागद खिशात घाल आणि कोट काढ आधी. पंचबाईंना काय सांगणार तू — उद्याची शेवटची फेरी आम्ही खेळत नाही, तीस वर्षं खेळवलेली टिटवी आजपासून बंद? हरलो, बघितलं मी. एकविसाव्या चालीला तिनं हत्ती उघड्यावर नेला, ती चाल चुकली हे तुला समजत होतं, तरी तुलाच तो हत्ती उचलून तिथे ठेवावा लागला — नियमच तसा आहे, हात आपला आणि डोकं तिचं. समोरचा हॅम्बुर्गवाला गालात गोळी घोळवत हसला, तेही बघितलं. पण दोन चाली पुढचं तिला दिसलं नाही ते का? अक्कल कमी झाली म्हणून? वेळ पुरला नाही म्हणून.

बस. कॉफी निवतेय. हे बघ — पटाची घरं चौसष्ट, प्रोसेसरच्या एका आकड्यात जागाही चौसष्ट, म्हणून तर अख्खा पट तिच्या मुठीत मावतो. हत्तीच्या वाटेत कोण कोण उभं आहे ते विखुरलेल्या घरांतून वेचायचं आणि एका रांगेत मांडायचं — स्पर्धेच्या तोंडावर जळालेल्या आपल्या यंत्रातला प्रोसेसर हे एका हुकमात करायचा, डोळा मिटायच्या आत. तू पुतण्याकडून आणलेल्या या यंत्रातला प्रोसेसर दुसऱ्या घराण्याचा. हुकूम तोच, नाही म्हणत नाही, उत्तरही बरोबर देतो, पण आत एकेक घर चाचपत बसतो. चूक दाखवत नाही, म्हणून तर घात. सेकंदाला जेवढे डाव ती तपासायची त्यांचा तिसरा हिस्सा उरला — सकाळी मोजलं मी.

हो, सकाळीच. खेळाच्या आधी. असं बघू नकोस माझ्याकडे.

माहीत आहे तू काय विचारणार — दुसरी वाट कुठे गेली? हेच काम गुणाकार करून, तक्त्यात बघून करणारी, कुठल्याही प्रोसेसरवर धावणारी, तू लिहिलेली. सुरुवातीलाच यंत्राला विचारायचं, बाबा तू कोण, आणि त्याला झेपेल ती वाट धरायची. मगाशी मी म्हटलं, आहे ना आत. म्हटलं खरं. अरे, लेऊवार्डनला टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे मी, मासिकातले प्रोग्रॅम पाहून पाहून शिकले, एकाही मास्तरानं मला काही शिकवलेलं नाही — आणि तू डेल्फ्टचा, पदवीवाला. दोन वर्षांपूर्वी ते प्राध्यापक घरी आले होते, आठवतं? टिटवी आतून बाहेरून वाचली त्यांनी, माझ्या जेवणाच्या टेबलावर, आणि म्हणाले, बाई, सगळ्यात देखणं काम या तक्त्याचं आहे. मी म्हटलं, थँक्यू. तुझं नाव घेतलं नाही. ते गेल्यावर बसले आणि — अडगळ आहे म्हटलं, नव्या प्रोसेसरला कशाला हवी.

जुन्या प्रती? त्या यंत्राबरोबर जळाल्या. दुसऱ्याचं उचलून घालावं तर नियमानं बाद. तीन दिवस झाले, हे यंत्र लावल्यापासून, तू उपाहारगृहात सूप प्यायला गेलास की मी वही काढतेय. पहिल्या दिवशी वाटलं चष्मा, काल वाटलं दमले असेन. गुणायचे ते आकडे शोधायचे कसे, हे मला पूर्वी झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आता चौथ्या ओळीला पहिली ओळ हातातून सुटते. घरी कुणाला बोलले नाहीये.

उद्याचा खेळ दोनला आहे, फेऱ्यांच्या मध्ये प्रोग्रॅम बदलायला परवानगी आहे. तू पंचबाईंकडे जाऊ शकतोस, मी अडवणार नाही. पण सीब्रन, तुझी वाट मी पुसली आणि आता ती मला लिहिता येत नाही, तूच लिही आणि वरती तुझं नाव घाल.