बर्वेसाहेबांनी स्वतःलाच विचारलं

वहिनी, कंपनीतले भाऊलोक, कॉलनीतली मंडळी,

मी शंकर, प्रेस शॉपमधला. मला भाषण येत नाही. आज तर जीभच उचलत नाहीये.

परवा बर्वेसाहेब मागच्या मेंटेनन्सच्या खोलीत एकटेच काम करत होते. त्यांचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू येत होता. काम अडलं की साहेब स्वतःशीच मोठ्यानं बोलायचे, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मधेच आवाज थांबला. "सुटलं वाटतं साहेबांचं कोडं," असं म्हणून आम्ही हसलो. मी चहा घेऊन आत गेलो, तर साहेब जमिनीवर पडलेले. हातात पाना तसाच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असं कसं बंद पडतं हो? सकाळी तर मला विचारत होते, "शंकर, पोरीचं लग्न ठरलं का रे?"

एक गोष्ट सांगतो. आज सांगितलीच पाहिजे.

माझी ही दोन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली, तेव्हा चौकशीत ठरलं की शंकरनंच पेडल दाबलं. निष्काळजीपणा. नोकरी जाणार होती. पट्टी बांधलेल्या हातानं मी डबा न्यायला शॉपमध्ये आलो. जेवणाची सुट्टी होती. साहेब एकटेच त्या प्रेसपाशी उभे. मी खांबाआड थांबलो. साहेब स्वतःलाच नावानं हाक मारून विचारत होते आणि उत्तरंही स्वतःच देत होते.

"मधू, पेडल दाबलं नसताना प्रेस खाली येईल का?"

"येईल. क्लचची स्प्रिंग तुटली तर येईल."

"तुटलीय का?"

"तुटलीय."

"मग ती ढिली झाली होती हे आधी कुणाला माहीत होतं?"

साहेब हळू आवाजात म्हणाले, "मला. रविवारी बदलू म्हणालो होतो."

मंडळी, साहेब पुढे बोलतच होते. "सांगितलंस तर तुझं काही खरं नाही." "आणि नाही सांगितलं तर? त्या पोराचं काय?"

एवढं बोलून त्यांनी हात पुसले आणि सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मला त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

माझी नोकरी राहिली. साहेबांची बढती गेली. त्यांना शॉपमधून काढून त्या मागच्या खोलीत बसवलं. वर्षानुवर्षं तिथंच. परवाही तिथंच.

मी एकदा धीर करून म्हणालो, "साहेब, माझ्यापायी तुमचं नुकसान झालं." तर चिडले. "तुझ्यापायी? बोटं तुझी गेली आणि नुकसान माझं? कामाला लाग!"

वहिनी, हे त्यांनी घरी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. नसेल तर आज माझ्या तोंडून ऐका. आणि काही लागलं तर हाक मारा. मी कुठल्याही शिफ्टमधून उठून येईन.

साहेब, नमस्कार करतो. मंडळी, आता उभे राहूया. थोडा वेळ कुणी बोलू नका.