मशालवाल्याचा नकार

आजच्या अध्यक्षा, आम्हाला माडीवरची खोली देणाऱ्या ग्रंथपाल बाई. व्यासपीठावर अवघडून बसलेल्या सत्कारमूर्ती ताई. त्यांना न्यायला आलेली त्यांची लेक. आणि ‘दर शनिवारी तुम्ही वर करता तरी काय’ हे आज कळेल या आशेने आलेल्या आमच्या घरच्या मंडळींनो,

करतो काय, तर खेळतो. टेबलाभोवती बसून, फासे टाकत एक गोष्ट रचतो. प्रत्येकाचं एकेक पात्र. मी जन्मभर विम्याचे हप्ते गोळा केले, पण तिथे तलवारबाज आहे. हसू नका, ते काम बायको घरी करते. उरलेलं सगळं जग, राक्षसांपासून खानावळवाल्यापर्यंत, ताई चालवतात. औषधांचं दुकान चालवलेल्या बाईला जग चालवणं काय जड?

तर आमच्या टोळीने वाटेत एक मशालवाला सोबतीला घेतला. भित्रा, बडबड्या, पण अंधारात वाट काढणारा. तो आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. मग त्याला चालवायचं कुणी? ताईंनी चालवला, तर त्या स्वतःशीच बोलणार आणि आम्ही तोंडाकडे बघत बसणार. आणि आम्ही चालवला तर? ते आमच्या टोळीतल्या प्लंबरदादांनी दाखवलं. बंद दार आलं, मशालवाला पुढे. विहीर आली, मशालवाला आत. पाहुण्याच्या हातून साप मारायला कुणाला आवडत नाही?

दोन शनिवार नुसती भांडणं झाली. शेवटी ताईंनी तोड काढली. मशालवाला पाळीपाळीने एकेकाकडे जाईल, ज्याची पाळी त्याने त्याचे फासे टाकायचे, त्याचं बोलणं बोलायचं. पण मशालवाल्याच्या वतीने ‘हे मी करणार नाही’ म्हणायचा हक्क मात्र ताईंचा. “हात तुमचे, नकार माझा,” म्हणाल्या. नियम इतका चोख, की भांडणं तिथेच मिटली.

इकडे लेक कधीची म्हणतेय, आई, एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये. ताईंचं आपलं आज गुडघे, उद्या दुकान. मी एकदा खनपटीलाच बसलो, तेव्हा म्हणाल्या, “मी गेले की तुम्ही त्या मशालवाल्याला आठवड्यात माराल.” लेकीबाई, तुमच्या वाटेत कोण उभं होतं ते कळलं ना?

मागच्या महिन्यात आम्ही जळत्या पुलापाशी अडकलो. राक्षस आमच्यावर येऊ नयेत म्हणून पलीकडे जाऊन कुणीतरी पुलाचा दोर कापायचा, आणि तो बहुधा परतणार नाही. मशालवाला त्या दिवशी प्लंबरदादांकडे. ताई मुद्दाम गप्प. दादांनी फासे मुठीत घोळवले, खाली ठेवले.

“तो नाही जायचा. घाबरलाय बिचारा. मीच जातो.”

आणि वर्षानुवर्षं जपलेलं त्यांचं स्वतःचं पात्र पुलासकट नदीत गेलं. ताई उठल्या, जिन्यात गेल्या आणि लेकीला फोन लावला. म्हणाल्या, “ये मला न्यायला.”

अध्यक्षांचे, आणि चहा निवेपर्यंत ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. तोल सुटून काही अधिक-उणं बोललो असेन, तर पोटात घाला.

पुढच्या शनिवारपासून टेबल मी चालवणार. नकार मात्र माझ्याकडे ठेवणार नाही. मशालवाला ज्याच्या हाती, नकारही त्याच्याच हाती. ताई, तुम्ही निर्धास्त जा.