टाकीखाली उभ्या राहिलेल्या शिलाताई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय ओमप्रकाशजी, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, गंज-संशोधन प्रयोगशाळेतले अधिकारी-कर्मचारी बंधुभगिनी, आणि ज्यांच्या सत्कारासाठी आपण सारे जमलो त्या अभियंता शिलाताई राठोड,

मी प्रतिक्षा, जवळा बाजारकडच्या एका खेड्यातली अंगणवाडी सेविका. पोलाद कसं गंजतं हे या सभागृहाला मी काय सांगणार? मी पाहिलं तेवढंच सांगते.

आमची अंगणवाडी गावच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत भरायची. टाकीला जागा दिली होती उकंडरावकाकांनी. ते पुढच्याच रांगेत बसलेत. टाकीला नुकताच रंग दिलेला, दृष्ट लागावी अशी दिसत होती. ऐन उन्हाळ्यात ताई तपासणीला आल्या. खांबांवर हातोडी वाजवत गेल्या. एका ठिकाणी आवाज पोकळ आला. मग त्यांनी आतल्या सळीला एक तार जोडली, खांब ओला केला आणि निळ्या द्रावणाची एक नळी त्यावरून टेकवत नेली. नजर हातातल्या गंज मोजायच्या यंत्राच्या आकड्यांवर. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"लेकरं आत्ताच्या आत्ता हलवा. टाकी रिकामी करा."

काका भडकले. "काहून? गावाला तहानेनं मारता काय बाई? टाकी तर उभी हाय ना!"

"उभी आहे काका. कशावर उभी आहे, ते तुम्हीच बघा."

त्यांनी तिथलं काँक्रीट फोडायला लावलं. बोटाएवढी सळी सुतळीएवढी उरली होती. काकांनी चिमटीत धरली, तर तांबडा भुगा हातात आला. वर गावभराचं पाणी आणि खाली माझी लेकरं खिचडी खात होती! मी एकेकाला ताटलीसकट उचलून मंदिरात नेलं.

उन्हाळाभर गाव टँकरचं पाणी पीत होतं आणि ताईंना नावं ठेवत होतं. त्या येत राहिल्या. खांबांना आधार दिले, गंज खरवडला, नव्या सळ्या जोडल्या, आणि सळ्यांना जस्ताचे गोळे बांधले. काकांनी विचारलं, "ह्ये कशाला?"

"लोखंडाला लागणारा गंज हे जस्त स्वतःवर घेतं, काका. ते झिजतं, लोखंड वाचतं."

"मंग एक दिस ते सरंल की!"

"सरेल. त्याआधी आपण बदलू. त्यासाठीच तर तपासत राहायचं."

काकांनी तो गोळा तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "धातू हाय का माणूस हाय हा?"

मग टाकी भरायचा दिवस आला. सारं गाव लांब उभं. कुणाची जवळ जायची छाती होईना. ताई मात्र सरळ टाकीखाली गेल्या आणि त्याच खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. वर पाण्याचा आवाज सुरू झाला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ताईंच्या शेजारी उकंडरावकाका उभे होते. टाकी काठोकाठ भरेपर्यंत दोघंही तिथून हलले नाहीत.

अध्यक्ष महोदय, एवढ्या मोठ्या मंचावर मला बोलू दिलंत, मी ऋणी आहे. माझा सगळा दिवस लेकरांशी बोलण्यात जातो. मोठ्यांपुढे काही कमी-जास्त बोलले असेन, तर पोटात घाला. ताई, तुमच्या सावलीतली ती लेकरं आज कॉलेजात आहेत. नमस्कार.