मर्लच्या नोव्हाचा कन्व्हर्टर

जबाब देणार: ट्रूडी हॉकेट, वय ५३ वर्षे, धंदा: शाळेच्या बसवर ड्रायव्हर, राहणार एल्म रस्ता, कोल्डब्रूक, इंडियाना.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी आणि माझा नवरा मर्ल हॉकेट असे दोघेच राहतो. मर्ल गावच्या धान्य कोठारावर वजनकाटा सांभाळतो. त्याचं इस्पितळात ऑपरेशन चालू आहे, त्याला बोलता येत नाही, म्हणून मी तिथून इथे शेरीफच्या कचेरीत येऊन जबाब देते. लिहून घेणारे डेप्युटी लँडिस माझ्याच बसमधून शाळेत जायचे. ते मला ओळखतात, तरी विचारलं म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

रेल्वे फाटकाशी आमच्या मागे पिकअप घेऊन उभे असलेले कर्टिस बोमन यांनी असं लिहून दिल्याचं मला कळलं की, आगगाडी यायच्या आत रूळ ओलांडायला मर्लने मुद्दाम गाडी घातली, इंजिन गरजल्याचं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तसं ठरलं तर मर्लवर खटला भरणार, असंही मला सांगितलं. बोमन गाडीच्या मागे होते. मी गाडीत होते.

गाडी एकाहत्तर सालची नोव्हा. हौसेची आहे. मर्लने हिवाळ्यात तिच्या इंजिनात मोठा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा भाग, बसवला. त्याने ताकद वाढते, पण इंजिन उभ्या जागी धडधडतं आणि पॉवर ब्रेकचं पेडल हलकं राहायला इंजिनाची जी हवेची ओढ लागते ती कमी पडते. अशा इंजिनाला मूळचा कन्व्हर्टर चालत नाही. कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला तेलाने भरलेला गोल डबा. तो सैल असला तर इंजिन फिरत राहतं आणि गाडी ब्रेकवर गपगुमान उभी राहते. घट्ट असला तर इंजिन नुसतं फिरलं तरी गाडी पुढे रेटते. हे मी मर्लकडून जेवताना इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन.

कन्व्हर्टर कुठला घ्यायचा यावर आमच्या घरात सबंध वसंत ऋतू गेला. त्याचे मित्र म्हणायचे, सगळ्यात सैल घे, सिग्नलवरून सुटताना मजा येते. मर्ल म्हणायचा, तसा घेतला तर रोजच्या वापरात तेल तापून गिअरबॉक्स जळेल. मी म्हटलं, तुला शर्यतीला जायचंय की चर्चला, ते आधी ठरव. तो म्हणाला, चर्चला, पण जरा लवकर. शेवटी दुकानातला तयार माल नको, ऑटिस क्रमकडून बनवून घ्यायचा असं ठरलं. ऑटिस शेजारच्या काउंटीत स्वतःच्या शेडमध्ये कन्व्हर्टर बनवतो. तो फोनवर गाडीचं वजन, मागच्या आसाचा गिअर, टायर आणि कॅमशाफ्ट विचारतो आणि त्यावरून किती सैल ठेवायचा ते ठरवतो; कॅमशाफ्ट जितका मोठा, तितका डबा सैल.

तो फोन झाला तेव्हा मी तिथेच बसून मटार सोलत होते. मर्लने गाडीचं वजन कोठाराच्या काट्यावर केलं होतं, टाकी भरून आणि स्वतः आत बसून. कॅमशाफ्टचा आकडा त्याने कागद समोर धरून अक्षर न् अक्षर वाचला. उभा जन्म काट्यावर गेलेला माणूस, आकडा फुगवणं त्याच्या जिभेवर येतच नाही.

पण या गाड्यांच्या हौशी लोकांत कोणी खरं सांगत नाही. कॅमशाफ्ट आहे त्याहून मोठा सांगायचा आणि हॉर्सपॉवरचे घोडे वाढवून सांगायचे, अशीच रीत आहे. ऑटिसला ती ठाऊक, म्हणून गिऱ्हाईक जे सांगेल त्यातून तो मनातल्या मनात काही वजा करतो आणि मग बनवतो. मर्लच्या आकड्यातूनही त्याने वजा केलं, कॅमशाफ्ट आहे त्याहून लहान धरला. आज ऑटिस धावत इस्पितळात आला. जिन्यात माझ्यासमोर उभा राहून त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "ट्रूडी, सगळेच फुगवून सांगतात गं. हा खरं सांगतोय असं माझ्या मनातही आलं नाही." मला त्याचा राग धड आला नाही.

म्हणजे कन्व्हर्टर घट्ट आला. बसवल्यावर गाडी गिअरमध्ये टाकली की इंजिन गचके खाऊन बंद पडायचं. बंद पडू नये म्हणून मर्लने आज सकाळी स्क्रू पिळून आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरायचा वेग, वाढवला. त्याने इंजिन चालू राहिलं, पण गाडी आणखी रेटायला लागली. त्याला वाटलं, आजचा दिवस निभावेल.

आम्ही दुपारी चर्चमधल्या मासे-जेवणाला निघालो. माझ्या मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं काचेचं भांडं होतं. बँकेसमोरच्या सिग्नलला गाडी थांबता थांबता पांढऱ्या पट्टीच्या पुढे सरकली. मी म्हटलं, मर्ल, नीट दाब ना. तो म्हणाला, दाबलाय गं, आणि हसला. मी नाही हसले.

रेल्वे फाटकाशी आम्ही पहिले होतो. तिथे रस्ता रुळांकडे उतरता आहे. दांडा खाली आला होता, घंटा वाजत होती. मर्लने ब्रेकवरचा पाय जरा उचलून पुन्हा दाबला, आणि ओढ संपल्यामुळे पेडल दगडासारखं कडक झालं. गाडी हळूहळू सरकायला लागली. धक्का नाही, काही नाही, नुसती सरकत होती. दांडा आधी बॉनेटला लागला, मग काचेला, मग मोडला.

बसमध्ये रुळाआधी थांबून, दार उघडून कान द्यायची मला सवय आहे. खिडकी उघडी होती. मी डावीकडून शिटी ऐकली. ती जवळची होती. माझ्या बाजूला ब्रेक नाही, तरी मी उजवा पाय फरशीत रोवून बसले होते. अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय, ते डेप्युटींना दाखवलं.

मर्लचे दोन्ही पाय ब्रेकवर होते. दोन्ही. ढुंगण सीटवरून उचललं गेलं होतं आणि हात स्टिअरिंगला चिकटले होते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची एवढंच करायचं होतं, पण त्याला सुचलं नाही. मला सुचलं, पण माझ्या दोन्ही हातांत भांडं होतं. ते सोडायला मला वेळ लागला. का लागला ते मला सांगता येत नाही. काचेचं भांडं, बहिणीचं, असं काहीतरी डोक्यात होतं.

भांडं टाकून मी गिअरची दांडी न्यूट्रलला ढकलली. ओझं सुटलं तसं इंजिन एकदम किंचाळलं. बोमन यांनी ऐकला तो हाच आवाज. तो मी केला, मर्लने नाही. गाडी थांबली, पण तिचं नाक रुळावर होतं. आगगाडीच्या इंजिनाच्या धडकेने ती गर्रकन फिरली. डावीकडचा, मर्लच्या बाजूचा दरवाजा आत आला.

शेवटी तो काही बोलला का, असं मला विचारलं. हो. तो माझ्याकडे न बघता म्हणत होता, "ट्रूडी, मी दाबतोय. मी दाबतोय गं." लहान मुलं बाईंना सांगतात, मी केलं नाही, तसा आवाज होता. त्यानंतर मी त्याचा आवाज ऐकलेला नाही.

हा जबाब डेप्युटी लँडिस यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'पती ब्रेक दाबत असल्याचे पत्नीचे म्हणणे आहे' असं आलं, तेव्हा मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "लँडिस, म्हणणे नाही. मी पाहिलं. तो दाबत होता, असं लिही." त्यांनी माझ्यासमोर ते शब्द खोडून 'ब्रेक दाबत होता' असं लिहिलं. या दुरुस्तीसह जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली सही करते. इस्पितळातून अजून फोन आलेला नाही.

ट्रूडी हॉकेट